स्वप्नात भान यावे यासाठी सवय आणि संकल्प

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे कळणे आणि तसे कळूनही झोप न मोडणे, या अवस्थेला ल्युसिड ड्रीम किंवा सजग स्वप्न म्हणतात. ती काही मोजक्या सिद्ध पुरुषांची मिरास नाही. सुमारे पन्नास वर्षांतील अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०१६ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यानुसार ५५ टक्के लोकांना आयुष्यात निदान एकदा असे स्वप्न पडलेले असते आणि सुमारे २३ टक्के लोकांना ते महिन्यातून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा पडते. बहुतेकांना ते अवचित पडते आणि अवचितच निघून जाते. ते अधिक वेळा पडावे म्हणून काय करता येईल, हे मी येथे सांगणार आहे. माझे सांगणे मुख्यतः एवढेच आहे की, रात्री जोर लावून काही साधत नाही. दिवसा मनापासून लावलेली सवय आणि झोप लागता लागता केलेला शांत संकल्प या दोहोंनी मिळूनच ते साधते.

सजग स्वप्न म्हणजे अर्धवट जागेपणीचा भास असावा, अशी शंका शास्त्रज्ञांनाही बराच काळ होती. ती १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगाने फिटली. रेम निद्रेत, म्हणजे ज्या झोपेत बंद पापण्यांआड बुबुळे वेगाने हलतात आणि सर्वांत ठसठशीत स्वप्ने पडतात त्या झोपेत, शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल पडलेले असतात. डोळ्यांचे स्नायू मात्र मोकळे असतात. अ‍ॅलन वर्स्ली या स्वयंसेवकाने स्वप्नात भान येताच आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले आणि तो गाढ झोपेत असतानाच ती खूण यंत्राच्या आलेखावर उमटली. काही वर्षांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवून दिले. झोपण्यापूर्वी करायच्या संकल्पाची जी पद्धत पुढे सांगितली आहे, ती मुळात त्यांची आहे.

गोव्यातील वाचकांना या विषयाचा एक धागा घराजवळच सापडेल. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा ब्राँझचा पुतळा आहे. पुढे केलेले दोन्ही हात, अंगावरचा पायघोळ झगा आणि समोर मागे कलंडणारी स्त्री, असे ते शिल्प येता-जाता आपण सर्वांनीच पाहिलेले असते. कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि त्या काळच्या समजुतीविरुद्ध ठामपणे सांगितले की, माणसाला त्या निद्रेत नेणारी शक्ती प्रयोग करणाऱ्याच्या हातात किंवा कुठल्या अदृश्य चुंबकीय प्रवाहात नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनात असते. १८१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांचे हे विवेचन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांचा विषय संमोहनाचा होता, रात्रीच्या स्वप्नांचा नव्हता, आणि या दोन अवस्था एक मानू नयेत. तरीही स्वस्थ चित्ताने दिलेली आणि मनाने राजीखुशीने स्वीकारलेली सूचना पुढे आपोआप फळते, हे त्यांचे सूत्र आपल्या कामाचे आहे, कारण येथे सूचना देणारे आणि घेणारे आपणच असतो.

स्वप्नांची वही

ज्याला स्वप्ने आठवत नाहीत, त्याला सजग स्वप्न पडले तरी सकाळी त्याचा पत्ता लागणार नाही. म्हणून पहिले काम आठवणीचे. रेम निद्रेत मेंदूतील नॉरअ‍ॅड्रेनलिन या रसायनाचे प्रमाण अगदी खाली गेलेले असते. अनुभव स्मृतीत पक्का होण्यात या रसायनाचा मोठा वाटा असल्याने स्वप्न जागे झाल्यावर काही मिनिटांतच विरून जाते. जाग आल्यावर कूस बदलू नये, डोळे उघडू नयेत आणि ‘आज काय काय करायचे आहे’ हा विचार येण्यापूर्वी ‘आत्ता मी कोठे होतो’ एवढेच मनाला विचारावे. शेवटचा प्रसंग हाती लागला की त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा, असे मागे मागे जावे. पहाटे पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की आपल्याकडे अर्धा वाडा जागा होतो. तो भोंगा ऐकून लगेच उठण्याऐवजी दोन मिनिटे तसेच पडून राहिले, तर त्या वेळची स्वप्ने विशेष चांगली आठवतात, कारण पहाटेची झोप रेम निद्रेने भरलेली असते.

वही उशाशी असावी आणि लिहिणे हातानेच असावे. मोबाईलचा पडदा उजळला की त्यावरचे निरोप आधी वाचले जातात आणि स्वप्न जाते. आधी चार-पाच खुणेचे शब्द टिपून मग सविस्तर लिहावे: ठिकाण, माणसे, मनाची स्थिती आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जागेपणी घडू शकली नसती अशी प्रत्येक गोष्ट. काहीच आठवले नाही, तर ‘काही आठवले नाही, मन मात्र उदास होते’ एवढे तरी लिहावे. वहीला असा रोजचा मान दिला की आठवण वाढते. हा अनुभव इतक्या जणांना येतो की, मी नवख्या माणसाला पहिले दोन-तीन आठवडे वहीशिवाय दुसरे काहीच करू देत नाही.

वही थोडी भरली की ती पुन्हा वाचून काढावी आणि वारंवार येणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारावी. या गोष्टी म्हणजे आपल्या स्वप्नांच्या खुणा. पेडणे तालुक्यातील एका शिक्षिकेने आपली वही मला वाचायला दिली होती. पानांमागून पाने शाळा, घर, लग्नकार्य, परीक्षा असे साधेच विषय होते. पण दर थोड्या दिवसांनी त्या चोपड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत उभ्या असत. शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये पूल होऊन फार वर्षे झाली, तेथली फेरीबोट बंद झाली आणि त्या स्वतःही रोज पुलावरूनच जातात; तरी स्वप्नात मात्र बोट येई, फळी खाली पडे, लोक घाईने चढत आणि त्यांना त्यात काहीही वावगे वाटत नसे. इतकी स्पष्ट खूण हाती असणे हे भाग्यच म्हणायचे. बहुतेकांच्या खुणा याहून पुसट असतात: मृत नातेवाईक सहज बोलत असतात, जुन्या घराला नसलेली खोली असते, दात हलत असतात, दहावीचा पेपर पुन्हा द्यायचा असतो.

दिवसाचा प्रश्न

स्वप्नात विचित्र गोष्टी समोर येऊनही आपल्याला शंका येत नाही, कारण तर्क आणि पडताळा यांचे काम पाहणारा कपाळामागचा मेंदूचा भाग रेम निद्रेत मंदावलेला असतो. मग तेथे उपयोगी पडते ती सवय, कारण सवयीला मुद्दाम विचार करावा लागत नाही. दिवसा ज्या गोष्टी आपण पुनःपुन्हा करतो आणि ज्यांत मन गुंतलेले असते, त्या स्वप्नात उतरतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल टोले यांनी या तत्त्वावर जागेपणीच स्वतःला ‘मी आत्ता स्वप्नात आहे का’ असे विचारण्याची पद्धत मांडली, आणि तिबेटी परंपरेतील साधकही दिवसभर समोरच्या जगाकडे ते स्वप्न असल्याप्रमाणे पाहण्याचा अभ्यास फार पूर्वीपासून करत आले आहेत.

येथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. हा प्रश्न खरा असला पाहिजे. अनेक जण मोबाईलवर तासातासाला गजर लावतात, गजर झाला की नाक दाबतात, ‘नाही, जागा आहे’ म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. जे दिवसा यंत्रवत केले ते स्वप्नातही यंत्रवतच होते, आणि मग स्वप्नातही माणूस नाक दाबून ‘जागा आहे’ असेच म्हणतो. त्यापेक्षा दिवसातून सात-आठ वेळाच, पण थांबून आणि उत्तर खरोखर ठाऊक नसल्यासारखे विचारावे. मी येथे कसा आलो? अर्ध्या तासापूर्वी कोठे होतो? मधला रस्ता आठवतो का? स्वप्नात या प्रश्नांची उत्तरे जुळत नाहीत, कारण स्वप्न बहुधा मध्येच कोठून तरी सुरू झालेले असते.

प्रश्नानंतर पडताळा घ्यावा. त्यासाठी दोन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली वाचनाची: कोणतीही पाटी वाचावी, नजर दुसरीकडे वळवावी आणि पुन्हा वाचावी. रिबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरीबोट यायची असते तेव्हा, किंवा म्हापशाच्या बसस्थानकावर कदंबची बस उभी असते तेव्हा, समोर फलक असतातच आणि हाताशी वेळही असतो. जागेपणी ‘म्हापसा-पणजी’ हे दुसऱ्यांदाही ‘म्हापसा-पणजी’च राहते, स्वप्नात अक्षरे बहुधा हलतात, विरतात किंवा भलतेच काही होतात. दुसरी कसोटी श्वासाची: दोन बोटांनी नाकपुड्या बंद करून तोंड मिटून श्वास घेऊन पाहावा. स्वप्नात बोटे नाकावर असली तरी प्रत्यक्ष शरीर बिछान्यात मोकळा श्वास घेत असते, त्यामुळे दाबलेल्या नाकातूनही श्वास आत येतो, आणि त्या क्षणाचे आश्चर्य असे असते की शंकेला जागा राहत नाही. मला स्वतःला ही दुसरी कसोटी अधिक भरवशाची वाटते. गाडी चालवताना यातले काहीही करू नये, हे वेगळे सांगायला नको.

हा प्रश्न कधी विचारायचा, हे आधी ठरवून ठेवलेले बरे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी दाखवले आहे की, ‘मी अमुक करीन’ या मोघम निश्चयापेक्षा ‘जेव्हा अमुक घडेल, तेव्हा मी तमुक करीन’ असा प्रसंगाशी बांधलेला निश्चय अधिक वेळा पार पडतो. म्हणून घराचा उंबरठा ओलांडताना, हात धुताना, संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून मागे वळताना असे दोन-तीन रोजचे क्षण निवडावेत. त्याशिवाय जेव्हा जेव्हा काही चमत्कारिक दिसेल किंवा भीती, लाज, राग यांची लाट येईल, तेव्हा प्रश्न विचारावाच, कारण स्वप्ने अशा भावनांनी भरलेली असतात. आणि आपल्या वहीतील खुणेला या यादीत पहिले स्थान द्यावे. त्या शिक्षिकेने ‘फेरीबोटीच्या फळीवर पाय ठेवीन तेव्हा प्रश्न विचारीन’ असे ठरवले, आणि जेथे फेरीबोट अजून चालते तेथे सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जाऊन ते प्रत्यक्षात करूनही पाहिले. पायाखाली लोखंडी फळीचा आवाज आणि त्याच क्षणी मनात प्रश्न, अशी ती जोडी अंगवळणी पडली, आणि पुढे स्वप्नातील बोटीवर तिनेच काम केले.

रात्रीचा संकल्प

दिवसाची सवय जमीन तयार करते. मात्र माझ्या मते सर्वाधिक परिणाम रात्रीच्या संकल्पाचा होतो. लाबर्ज यांच्या पद्धतीचे मर्म असे की, सजग स्वप्न पडणे हे पुढे करायची गोष्ट वेळेवर आठवण्यासारखेच काम आहे. बाजारातून परतताना औषध घ्यायचे आहे हे आपण घरातून निघताना ठरवतो, मग विसरून जातो, आणि औषधाचे दुकान दिसताच ते आपोआप आठवते. आठवण करून देणारे अंतर्मन मधल्या काळात ते काम धरून असते. या शक्तीला दिवसा व्यायाम देता येतो. सकाळी ठरवावे की, आज पहिल्यांदा मांजर दिसेल तेव्हा आणि पहिल्यांदा कोणी माझे नाव घेऊन हाक मारील तेव्हा मला हे काम आठवेल. संध्याकाळी किती कामे साधली ते पाहावे. मोबाईलच्या स्मरणपत्रांवर सारे सोपवल्याने आपली ही शक्ती गंजलेली असते, आणि ती परत येताना पाहून मनाला उभारी येते.

संकल्पाची योग्य वेळ रात्रीच्या उत्तरार्धात येते. झोपेचे एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचे असते. पहिल्या आवर्तनांत रेम निद्रा थोडी असते आणि पहाटेकडे ती लांबत जाते. म्हणून साडेदहाला झोपणाऱ्याने साडेतीनच्या सुमारास, म्हणजे सुमारे पाच तासांनी, हलक्या आवाजाचा गजर लावावा. ज्यांना त्या वेळी लघुशंकेसाठी जाग येतेच, त्यांना गजराची गरज नाही, आणि पावसाळ्यात कौलांवरच्या सरींनी जाग आली तर तीही चालेल. उठून पाच-दहा मिनिटे मंद उजेडात बसावे, नुकतेच पडलेले स्वप्न आठवावे, वहीत दोन ओळी लिहाव्यात आणि पुन्हा आडवे व्हावे.

मग संकल्प. ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल, तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ एवढे वाक्य मनात संथपणे, अर्थाकडे लक्ष देऊन म्हणावे. वाक्य छोटे असावे आणि ज्या बोलीत आपण विचार करतो त्या बोलीत असावे. घरी कोंकणी बोलणाऱ्याने ते कोंकणीतच म्हणावे. फारियांबद्दल एक आख्यायिका सांगतात: पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिल्यावर त्यांची वाचा बसली, तेव्हा वडिलांनी हळूच ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ असे कोंकणीत म्हटले आणि भीती पळाली. अंतर्मनाला पोहोचणारे वाक्य असेच घरगुती आणि थोडक्यात असते.

वाक्यासोबत चित्रही हवे. नुकतेच आठवलेले स्वप्न डोळ्यांसमोर आणावे, त्यातील विचित्र गोष्ट आली की तेथे थांबावे, आणि आपण त्या ठिकाणी नाक दाबून पाहत आहोत, श्वास आत येत आहे, ‘अरे, हे तर स्वप्न’ असे आपल्याला कळत आहे, हे सारे शक्य तितके बारकाईने पाहावे. वाक्य, चित्र, पुन्हा वाक्य, असे झोप लागेपर्यंत चालू ठेवावे. मन भरकटले तर रागावू नये. वाक्यावर परत यावे. झोप लागण्यापूर्वीचा शेवटचा विचार हाच असावा, याला मोठे महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड विद्यापीठात डेनहोम अ‍ॅस्पी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिवसाचा पडताळा, पहाटेची जाग आणि हा संकल्प अशी तिन्ही साधने एका आठवड्यात वापरणाऱ्या ४७ जणांच्या गटाला सुमारे १७ टक्के प्रयत्नांत यश आले; पण संकल्पानंतर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण जवळपास ४६ टक्के होते. म्हणून पहाटे फार वेळ जागे राहू नये आणि ‘आज झालेच पाहिजे’ असा हट्ट धरू नये, कारण हट्टाने झोपच उडते.

मनात काळजी असेल तर ती दाबून झोपू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या प्रयोगांत असे दिसले आहे की, झोपण्यापूर्वी जो विचार निग्रहाने टाळला जातो तोच स्वप्नात अधिक येतो. काळजी वहीच्या मागच्या पानावर लिहून टाकावी, पान मिटावे आणि मग संकल्पाकडे वळावे.

भान आल्यानंतर, आणि काही सावधगिरी

पहिल्या सजग स्वप्नात आनंद इतका होतो की माणूस तत्काळ जागा होतो. त्यासाठी भान येताच काहीही भव्य करायला जाऊ नये. तळहात एकमेकांवर चोळावेत, भिंतीला किंवा झाडाच्या सालीला हात लावून तिचा खरखरीतपणा अनुभवावा, आणि स्वप्न स्थिर झाले की आधी ठरवलेले एकच छोटे काम करावे: दार उघडून पलीकडे पाहणे, किंवा समोरच्या माणसाला काहीतरी विचारणे. एकाच वस्तूकडे टक लावून पाहिल्यास स्वप्न अनेकदा विरते. आणि जाग आली असे वाटले तरी नाक दाबून पाहावे, कारण जागे झाल्याचेच स्वप्न पडण्याचा प्रकार अगदी नेहमीचा आहे.

पहाटेचा गजर आठवड्यातून एक-दोनदाच, दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना लावावा. सलग झोप मोडणे तब्येतीला चांगले नाही, आणि ज्यांना सकाळी वाहन चालवायचे असते त्यांनी तर हा मोह टाळलाच पाहिजे. हॉटेलात रात्रपाळी करणाऱ्यांची झोप आधीच तुटक असते. त्यांनी गजर न लावता झोपण्यापूर्वीचा संकल्प आणि वही एवढ्यावरच भर द्यावा. दुपारच्या वामकुक्षीत वीस मिनिटे डोळा लागतो त्यात रेम निद्रा क्वचितच येते, पण शांतपणे संकल्प म्हणण्याच्या सरावाला ती वेळ उत्तम आहे. मद्याने रात्रीच्या पूर्वार्धातील रेम निद्रा दबते आणि उत्तरार्धात झोप अस्वस्थ होते, म्हणून अभ्यासाच्या रात्री फेणी किंवा बिअर नको. गांजानेही रेम निद्रा घटते. इंटरनेटवर या कामासाठी गॅलँटामिनच्या गोळ्या सुचवल्या जातात. ते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना देण्याचे औषध आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्याला हातही लावू नये.

पहाटे उठून पुन्हा झोपताना कधी अंग हलेनासे होते आणि छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. गावात याला भुताटकी समजतात. प्रत्यक्षात रेम निद्रेतील स्नायूंची शिथिलता मन जागे झाल्यावरही क्षणभर टिकलेली असते. श्वास संथ ठेवावा, पायाचे बोट किंवा जीभ हलवण्याचा प्रयत्न करावा. ते आपोआप सुटते. ज्यांना भ्रम होतात, वास्तव आणि कल्पना यांतील सीमा ज्यांच्यासाठी आजारपणामुळे धूसर झालेली आहे, किंवा ज्यांच्यावर अशा विकारासाठी उपचार चालू आहेत, त्यांनी मात्र ‘हे स्वप्न तर नाही ना’ हा प्रश्न दिवसभर स्वतःला विचारणे धोक्याचे ठरू शकते. त्यांनी हा अभ्यास करूच नये.

काहींना पहिल्याच आठवड्यात यश येते, काहींना महिने लागतात, आणि चांगले दिवस आल्यावरही मध्ये कोरडा काळ येतो. असा काळ आला की प्रयत्न वाढवण्याऐवजी वही उघडावी, गेल्या पंधरवड्यातील स्वप्ने वाचावीत आणि खुणा बदलल्या आहेत का ते पाहावे, कारण आयुष्य बदलते तशी स्वप्नेही बदलतात. जुनी खूण येईनाशी झाली असेल, तर जी नवी खूण निदान तीन स्वप्नांत दिसते ती निवडावी, संकल्पाचे वाक्य तिच्याशी बांधावे आणि दिवसाचा प्रश्नही त्याच खुणेवर विचारायला लागावे.